निष्काळजीपणाचा रकाना

आमच्या कॉलेजच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप गटावर मध्यंतरी एक व्हिडिओ आला. कुठल्यातरी कारखान्यातल्या सीसीटीव्हीचा, बिनआवाजाचा, अर्ध्या मिनिटाचा. पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर, एक पोरगा पत्रा सरकवतोय, तयार जॉब काढतोय, पुन्हा पत्रा सरकवतोय, आणि एका क्षणी हात आत असतानाच प्रेस खाली येते. पुढचं मी पाहिलं नाही. गटावर मात्र तासाभरात दोन फळ्या पडल्या. एक म्हणे, ‘यांना कितीही सांगा, गार्ड काढूनच काम करणार. लक्ष सगळं मोबाइलमध्ये.’ दुसरी म्हणे, ‘चार मालक आत टाका, बाकीचे आपोआप सरळ होतील.’ संध्याकाळी कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला आणि वाद तिथेच विरला.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही फळ्यांचं एकमत होतं, आणि माझं भांडण तिथेच आहे. अपघात म्हणजे कुणाच्या तरी स्वभावातली खोट, हे दोघंही धरून चालले होते. एकाला ती कामगारात दिसली, दुसऱ्याला मालकात. माझं म्हणणं असं, की कामगार निष्काळजी असतो हे अगदी खरं आहे, आणि म्हणूनच अपघाताचं कारण म्हणून ते कवडीच्या कामाचं नाही. एका पाळीत साडेतीन हजार वेळा तोच हात त्याच जागी नेणारा माणूस एकदा तरी चुकणार. घरी पोर तापाने फणफणलेलं असतं, रात्रपाळीचे तीन वाजलेले असतात, शेजारचा काहीतरी विचारतो. पावसाळा येणार हे ठाऊक असून ज्याने घर शाकारलं नाही, त्याने जूनमध्ये पावसाला शिव्या घालाव्यात का? माणूस चुकणारच हे धरून यंत्र बसवायचं, जागा आखायची, कामाचा वेग ठरवायचा. सुरक्षिततेची सुरुवात तिथून होते, पोस्टरपासून नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझी पहिली नोकरी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये. नाव सांगत नाही. तशी शॉप तेव्हा गल्लोगल्ली होती, आजही आहेत. गाड्यांच्या सीटखाली लागणारी ब्रॅकेट आम्ही बनवायचो. तीन नंबरच्या प्रेसला दोन हातांची बटणं होती. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेसचा स्ट्रोक (दाब) पडायचा नाही, म्हणजे स्ट्रोकच्या वेळी हात डायमध्ये (साच्यात) असण्याचा प्रश्नच नाही. कागदावर चोख व्यवस्था. प्रत्यक्षात डावं बटण कायमचं दाबलेलं असायचं: वर लाकडाची चिपटी, आणि ती हलू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा करकचून गुंडाळलेला. पहिल्याच आठवड्यात मी ती चिपटी काढून फेकली. दुसऱ्या दिवशी नवी होती. तीही काढली. तिसऱ्या दिवशी त्या प्रेसवरचे ऑपरेटर, परभणीकडचे, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं, हात पुसत जवळ आले आणि म्हणाले, ‘साहेब, तुम्ही काढा, मी लावतो. दोन बटणांवर तासाला तीनशे निघतेत. तिकडं फळ्यावर साडेचारशे लिव्हलंय. ते पुसता का तुम्ही?’

मी ते पुसू शकत नव्हतो. साडेचारशे आले कुठून म्हणून विचारत गेलो, तेव्हा कळलं की गाडीवाल्या कंपनीला त्या ब्रॅकेटचं कोटेशन दिलं, त्या वेळी मशीन लावून देणाऱ्या सेटरने स्टॉपवॉच लावून काढलेला तो आकडा होता. आणि स्टॉपवॉच लावलं तेव्हाही चिपटी बसवलेलीच होती. म्हणजे गार्ड निकामी करणं हा त्या शॉपमध्ये नियमभंग नव्हताच, तो दराचा भाग होता. एक नियम भिंतीवर इंग्रजीत रंगवलेला, दुसरा फळ्यावर खडूने लिहिलेला, आणि पगार दुसऱ्याच्या हिशोबाने. अशा ठिकाणी ‘कामगाराने गार्ड काढला’ हे वाक्य खोटं नसतं; ते अर्ध्यावर तोडलेलं असतं.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू. कसलाही दबाव नसताना कामगार सुरक्षेची साधनं टाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जुन्या माणसांना त्यात मर्दुमकी वाटते. ग्राइंडरवर गॉगल लावणाऱ्या नव्या पोराला ‘हीरो आला’ म्हणून चिडवलेलं मी ऐकलंय, आणि चिडवणाऱ्यांत मामाही होते. छतावर पत्रे बसवणारा माणूस कमरेचा पट्टा खांद्यावर टाकून फिरतो, लावत नाही. हे सगळं आहे. पण मग प्रश्न उरतो: यावर उपाय म्हणून शंभर वर्षांत काय चाललं आणि काय चाललं नाही?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रेल्वेचं उदाहरण घ्या. मालगाडीचे दोन डबे जोडायचे तर ब्रेकमनने, म्हणजे गाडीवरच्या कामगाराने, दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून, येणाऱ्या डब्याची कडी हाताने दुसऱ्यात घालून वरून खीळ टाकायची. क्षणभर उशीर झाला की बोटं गेली. हे इतकं नित्याचं होतं, की बोटं कमी असलेला ब्रेकमन म्हणजे अनुभवी, असा हिशोब लावला जाई. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं: माणसं बेफिकीर आहेत, घाई करतात. आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं पेटंट १८७३ सालचं. तरी ते सगळीकडे लागायला १८९३ चा कायदा आणि पुढची सातेक वर्षं लागली. ते लागल्यावर डबे जोडताना होणारे अपघात झपाट्याने घटले. ब्रेकमन तेच, घाई तीच, दारूही बहुधा तीच. फरक एवढाच, की हात मध्ये घालायचं कामच उरलं नाही. वीस वर्षं ज्याला माणसाचा स्वभाव म्हटलं गेलं, तो लोखंडाचा एक आकार निघाला.

सुरक्षेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड असते, आणि ती या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असते. आधी धोकाच काढून टाकता येतो का बघा. नाही तर कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरा. तेही नाही तर धोका आणि माणूस यांच्या मध्ये जाळी, झाकण, सेन्सर उभा करा. त्यानंतर नियम, प्रशिक्षण, पाळ्यांची आखणी. आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट, बूट, हातमोजे. आपल्याकडे ही उतरंड खालून वर चढतात आणि पहिल्याच पायरीवर बसून राहतात, कारण ती पायरी स्वस्त आणि फोटोत दिसणारी. त्यातही समज किती, तर ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालून काम करायला लावणारे सुपरवायझर आहेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की तो बोटांसकट हात ओढून घेतो. तिथे उघडा हात जास्त सुरक्षित. जुन्या प्रेसचंही तसंच. तिचा क्लच एकदा गुंतला की फेरा पूर्ण होईपर्यंत सुटत नाही, मध्येच थांबवायची सोय नाही. अशा प्रेससमोर महागडा सेन्सरचा पडदा लावून ऑडिटवाल्याला खूश करता येतं, हात वाचवता येत नाही. तिथे हात शिरणारच नाही अशी बंद जाळी हवी, नाहीतर हात आत घालायची गरजच पडणार नाही असा डाय हवा.

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. त्या आठवड्यात कारखान्यांत शपथ होते, घोषवाक्यांची स्पर्धा होते, बिल्ले लागतात. त्याला माझा विरोध नाही; स्पर्धेतलं बक्षीस मीही एकदा घेतलंय, स्टीलचा डबा होता. पण गेटवर लावलेला तो आरसा आठवा. बऱ्याच कारखान्यांत असतो. वर लिहिलेलं असतं, ‘तुमच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेली व्यक्ती इथे पाहा.’ तो आरसा कामगारांच्या गेटवरच का? कोटेशन जिथे ठरतं त्या खोलीत मला तो कधी दिसला नाही. दुसरी पाटी ‘अपघाताविना इतके दिवस’ अशी. आकडा तीनशेच्या पुढे गेला की सगळ्यांना मिठाई. मग दोनशे नव्वदाव्या दिवशी एखाद्याचं नख उपटलं, तर त्याला मागच्या दाराने ओळखीच्या डॉक्टरकडे नेतात आणि कागदावर ‘घरी लागलं’ होतं. पाटीवरचा आकडा वाढत राहतो, आणि किरकोळ अपघातांतून जे शिकता आलं असतं ते शिकायचं राहून जातं.

कुणी म्हणेल, हे यंत्रांचं झालं. मग बीडकडे बघा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या महिलांची पाहणी केली. ८२ हजारांहून जास्त महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली, त्यांतल्या कितीतरी ऐन तरुण वयात. तेव्हाही एक सूर निघालाच होता: त्यांनीच करून घेतल्या ना शस्त्रक्रिया? सही त्यांचीच ना? पण फडावरचा हिशोब बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाची उचल, एक दिवस घरी बसलं की खाडा आणि त्याचा दंड. फडाला संडास नाही, न्हाणी नाही, मोळी मात्र डोक्यावर. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, पोटातलं दुखणं हे सगळं त्या हिशोबात ‘खाडा’ म्हणूनच धरलं जातं. त्यात नफेखोर डॉक्टरने भीती घातली की बाई ‘स्वतःहून’ तयार होते. मामांची चिपटी आणि ही सही, यांत मला फार फरक दिसत नाही. दोन्हीकडे दर आधी ठरला, शरीर मागून त्यात बसवलं गेलं.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. आठ प्रेस असलेला शॉपवाला काही गडगंज नसतो. बँकेचा हप्ता, विजेचं बिल, आणि वरून गाडीवाली कंपनी दरवर्षी ‘दर कमी करा’ म्हणून मागे. तो म्हणतो, मी नवा क्लच, नवे डाय, सेन्सर यांचा खर्च धरून भाव दिला तर काम शेजारच्या गाळ्यात जाईल. शेजारच्याकडे चिपटी आहे. त्याचं म्हणणं खरं आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? सुरक्षा परवडत नाही, हा की एकट्याला परवडत नाही, हा?

‘नियम लावले तर उद्योग बुडेल’ हे वाक्य या देशात १८८१ पासून ऐकू येतंय. त्या वर्षी पहिला कारखाना कायदा झाला. काय होतं त्यात? सातच्या आतल्या मुलांना कामावर ठेवू नये, बारापर्यंतच्यांना नऊ तासांहून जास्त राबवू नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावं, बस्स. आणि तेही शंभरावर माणसं असलेल्या गिरण्यांपुरतं. तरी आपल्या शिकलेल्या वर्गाचं बरंचसं मत विरोधात होतं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी मुंबईच्या गिरण्या मारायला रचलेला हा डाव आहे, असं ते म्हणत. गंमत म्हणजे लँकेशायरच्या हेतूबद्दल ते बरोबर होते. तिथल्या मालकांना मुंबईच्या पोरांचा कळवळा आलेला नव्हता. पण हेतू वाईट होता म्हणून पट्ट्यात अडकणारा हात खोटा होत नाही. आणि गिरण्या बुडाल्याही नाहीत. पुढच्या पंधरा वर्षांत मुंबईत त्या वाढतच गेल्या.

हे त्या काळात नेमकं ओळखलं ते सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे गेला. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी आपल्याला शाळेत सांगतात. १८९० मध्ये ती मिळालीही. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती फारशी कुणी सांगत नाही. कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. चूक कुणाची होती हे ठरल्यावर द्या, अशी अट त्यात नाही. भरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. त्या कायद्यालाही ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ पुरेसा वाटला नाही. दारूच्या नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडणं, गार्ड मुद्दाम काढणं, एवढ्याच गोष्टींवर मालकाला भरपाई टाळता येई, आणि पुढच्या दुरुस्त्यांनंतर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्यावरही नाही. परिशिष्टात अवयवांचा तक्ताच होता, पुढे दुरुस्त होत गेलेला: अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटली असं धरायचं, अंगठा गेला तर ३० टक्क्यांनी. थंडगार वाटतो तो तक्ता. पण शंभर वर्षांपूर्वीचा तो कायदा आमच्या व्हॉट्सअॅप गटापेक्षा शहाणा होता. तो माणसाचा स्वभाव तपासत बसत नव्हता.

सुरक्षा एकट्याला परवडत नाही, तर मग नियम सगळ्यांवर एकदम आणि वरपासून लावा. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळली, ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशीच भिंतींना भेगा गेलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्याच इमारतीतल्या बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र सकाळी पगार कापायच्या धमक्या देऊन आत घेतलं गेलं. भेग एकच, इमारत एकच. बँकेतली माणसं जास्त सावध होती म्हणून वाचली का? त्यानंतर काही आठवड्यांत कपड्यांच्या मोठ्या परदेशी ब्रँडनी कामगार संघटनांशी कायद्याने बांधील करार केला, दीड हजारांहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली, आणि दुरुस्तीचा भार खाली ढकलून ब्रँडना हात झटकता येईनात. बांगलादेशचा कपडा त्याने बाजारातून उठला नाही. चाकणच्या गाडीच्या किमतीत ब्रॅकेटचे दोन रुपये वाढले तर ती गाडी विकली जाणार नाही, असं कुणी मला आकडेमोड करून दाखवावं.

इन्स्पेक्टर राजबद्दल थोडक्यात, कारण त्यात वाद घालण्यासारखं कमी आहे. पाकिटं जातात, मी जाताना पाहिलीत. पण चौकीदार चोराला सामील झाला म्हणून वाड्याचं दारच काढून ठेवायचं का? १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून कारखाना मानला जाई. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत तो आकडा वीस झाला, आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ हे नाव जोडलं गेलं. संहितेत चांगलंही आहे, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायची सक्ती ही मोठी गोष्ट. पण बोटं जातात ती कुठे? बहुतेक लहान गाळ्यांत, कंत्राटी पोरांची, ज्यांतल्या अनेकांची ईएसआय या कामगार विमा योजनेतली नोंद अपघात झाल्यावर घाईघाईने होते. कागद कमी करायचे तर जरूर करा, निम्मे रजिस्टर जाळून टाका. पण दहा-पंधरा माणसांच्या शॉपमध्ये प्रेसचा क्लच कुणीतरी येऊन बघेल, ही भीती तेवढी राहू द्या.

आणि मालकाला बेड्या घाला म्हणणाऱ्यांनाही एक विचारायचंय. समजा घातल्या. तीन नंबरच्या प्रेसचं काय झालं?

आमच्या तीन नंबरवर मी लागल्यानंतर आठ महिन्यांनी मामांची उजवी तर्जनी आणि मधलं बोट गेलं. शनिवार होता, जेवणाच्या सुटीला दहा मिनिटं होती. गाडी मिळेपर्यंत मी त्यांचा हात वर धरून उभा होतो आणि ते मला सांगत होते, ‘साहेब, तुमच्या शर्टाला लागलं.’ सोमवारी अपघाताचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. नाव, वय, हजेरी क्रमांक, वेळ, मशीन. मग ‘अपघाताचे कारण’, आणि पुढे दोन-तीन शब्द मावतील एवढा रकाना. आधीचे फॉर्म चाळून बघितले, सगळ्यांत एकच मजकूर होता. मीही तोच लिहिला, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि खाली सही केली. ‘साडेचारशे’ एवढाच शब्द लिहिला असता तरी रकान्यात जागा उरली असती. फॉर्म देऊन शॉपमध्ये आलो तेव्हा तीन नंबरवर दुसरा पोरगा उभा होता, डाव्या बटणावर ट्यूब गुंडाळत.